फाल्गुन-चैत्रातले घर आणि लहान मुले

महाराष्ट्रातला वसंत म्हणजे थंडी आणि कडक उन्हाळा यांच्यामधला सांधा. पंचांगात तो चैत्र-वैशाखाचा ऋतू असला, तरी घरात तो जाणवतो फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. गोधड्या उन्हात टाकून माळ्यावर जातात, माठ बाहेर निघतो, कैरी बाजारात दिसू लागते आणि दुपारी दारे-खिडक्या ओढून घेतल्या जातात. या काळात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात जितका फरक पडतो, तितका वर्षभरात क्वचितच पडतो. पुण्यात मार्चमध्ये दुपारचा सरासरी पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि पहाटे तो १५-१६ अंशांवर उतरतो. मुंबई-कोकणात समुद्रामुळे हा फरक बराच कमी असतो, पण हवा दमट असते. विदर्भात एप्रिल लागला की पारा ४० ओलांडतो आणि तिथे वसंत असा फारसा उरतच नाही. मोठी माणसे हा बदल अंगावर घेतात आणि विसरून जातात. घरातल्या पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना मात्र त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. सण, वाळवणे, परीक्षा, जत्रा यांची गर्दीही नेमकी याच दिवसांत असते. म्हणून या दोन महिन्यांत मुलांच्या वयाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीराची छोटी आवृत्ती नसते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की ते उष्णता लवकर शोषून घेते, आणि पहाटेच्या गारव्यात ती लवकर गमावतेही. मुलांच्या घामग्रंथी मोठ्यांच्या मानाने कमी घाम तयार करतात. अंग थंड ठेवण्यासाठी त्यांचे शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, म्हणूनच खेळून आलेल्या मुलाचा चेहरा लालबुंद होतो. वाढत्या उन्हाची सवय व्हायला साधारण एक-दोन आठवडे जातात. मार्चमधले पहिले तापलेले दिवस मुलांना बाधतात आणि तितकेच ऊन महिन्याभराने निभावते, ते यामुळे. त्यातून दोन वर्षांच्या मुलाला तहान कळली तरी सांगता येत नाही. खेळात रमलेले चार वर्षांचे मूल तहान लागल्याचे लक्षातही घेत नाही.

म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते देत राहावे लागते. इथे एका वयोगटाचा अपवाद आहे, आणि तो अनेक घरांत नेमका उलटा पाळला जातो. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला भर उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असते आणि उन्हाळ्यात बाळ आपोआप जास्त वेळा पिते. बाळाला तहान लागली असेल म्हणून चमच्याने पाणी, ग्राइप वॉटर किंवा साखरपाणी पाजले तर इवलेसे पोट त्यानेच भरते, दूध कमी जाते आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात. दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर बाळाला पुरेसे दूध मिळते आहे असे समजावे. पाण्याची खरी गरज असते ती आईला. पाजणाऱ्या बाईच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे.

मोठ्या मुलांसाठी माठातले पाणी उत्तम. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या बाजूने त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर आतल्या पाण्यातली उष्णता निघून जाते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त. त्यामुळे सोलापूर, छत्रपती संभाजीनगरकडे माठाचे पाणी चांगलेच गार होते आणि रत्नागिरीत ते जेमतेम निवते. माठ रोज घासून धुवावा, पाणी ओगराळ्याने किंवा तोटीने काढावे. मुलांनी हात बुडवून पेला भरू नये, हे त्यांना दोन-चार दिवसांत शिकवता येते. याच दिवसांत अनेक गावांत आणि शहरांतही नळाला दिवसाआड पाणी येऊ लागते, बादल्या, पिंपे आणि टाक्या भरून ठेवल्या जातात. चालायला लागलेले मूल कडेवर हात टेकून आत डोकावते आणि डोक्याचा भार जास्त असल्याने तोंडावर आत पडते. अर्धी बादली पाणीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते. साठवणीच्या प्रत्येक भांड्यावर घट्ट झाकण असणे ही या ऋतूतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची खबरदारी आहे. त्याने डासांची पैदासही थांबते.

पहाटेच्या गारव्यात स्वेटर घालून अंगणवाडीत गेलेले मूल अकराच्या उन्हात त्याच स्वेटरात परत येते, हे मार्चमधले नेहमीचे दृश्य. जाड एका कपड्यापेक्षा पातळ सुती दोन कपडे बरे, कारण वरचा काढता येतो. तान्ह्या बाळाला जुन्या मऊ लुगड्याचे किंवा धोतराचे झबले शिवत, त्यामागेही हेच शहाणपण आहे: अनेकदा धुतलेले सूत घाम टिपते आणि हवा खेळू देते. कुंची, पायमोजे, लंगोट आणि वर दुपटे अशी बाळंतिणीच्या खोलीतली बांधाबांध मात्र पाडव्यानंतर सैल करायला हवी. बाळाच्या मानेवर, काखेत, गुडघ्यामागे उठणारे बारीक लाल पुरळ, म्हणजे घामोळे, घामाची तोंडे बुजल्याने येते. त्यावर पावडरीचा थर दिला तर ती आणखी बुजतात, आणि उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते. गार पाण्याने पुसणे, कोरडे करणे आणि मोकळे ठेवणे एवढेच बहुतेक वेळा पुरते.

झोपेची घडीही याच दिवसांत विसकटते. डिसेंबरअखेर महाराष्ट्रात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, २०-२१ मार्चला तो रात्रीएवढा होतो आणि पुढे वाढतच जातो. संध्याकाळचा उजेड लांबतो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि मूल नेहमीच्या वेळी झोपत नाही. सकाळची शाळा सुरू झालेली असल्याने उठायचे मात्र लवकरच असते. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. रात्रीची तूट दुपारी भरून निघते. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वसंतातली दिवसाची झोप कफ वाढवणारी म्हणून वर्ज्य सांगितली आहे, पण त्याच परंपरेत लहान मुलांना दिवसाच्या झोपेची मोकळीक दिली आहे. पडदे ओढून, फरशी ओल्या फडक्याने पुसून, जेवणानंतरची तास-दीड तासाची झोप मुलाला मिळाली, तर संध्याकाळची किरकिर पुष्कळ कमी होते.

फाल्गुन पौर्णिमेची होळी हा या काळातला पहिला मोठा सण. विदर्भात त्याची तयारी मुलांच्या हातांनीच होते. शेणाच्या छोट्या चकत्यांना मधोमध भोक पाडून चाकोल्या करतात, त्या वाळवून दोरीत ओवतात आणि ती माळ होळीत टाकतात. शेण थापायला, भोक पाडायला, वाळली का हे रोज पाहायला पाच वर्षांच्या मुलाची बोटे पुरेशी असतात. सणात प्रत्यक्ष करण्यासारखे काम मुलाला मिळावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. कोकणात शिमगा याहून लांबतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि तिच्याबरोबर सोंगे येतात. काळ्या वेशातला, उंच टोपीचा, कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर अंगणात शिरला की लहान मुले किंचाळत घरात पळतात. दोन ते चार वर्षांच्या वयात मुखवट्याची भीती वाटणे अगदी स्वाभाविक असते, कारण चेहरा बदलला तरी माणूस तोच राहतो हे त्या वयाला नीटसे उमगलेले नसते. अशा मुलाला धीट व्हावे म्हणून संकासुरापुढे ढकलणे चुकीचे आहे. कडेवर घेऊन लांबून पाहू दिले, सोंग उतरवलेला ओळखीचा काका नंतर दाखवला, तर पुढच्या एक-दोन शिमग्यांत तेच मूल त्याच्यामागे धावू लागते.

धुळवड आणि वद्य पंचमीची रंगपंचमी यांतल्या रंगांबद्दल इतके सांगणे पुरे, की बाजारातल्या चमकदार आणि पक्क्या रंगांत त्वचेला व डोळ्यांना घातक रसायने असू शकतात आणि लहान मुलाचा हात सतत तोंडात जात असतो. याच दिवसांत माळरानावर पळस फुललेला असतो. त्याची फुले पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की पिवळट केशरी रंग तयार होतो, आणि मुलांना तो होताना पाहण्याचा आनंदही मिळतो. खेळण्याआधी अंगाला, केसांना, कानांच्या मागे खोबरेल चोळावे. वर्षाच्या आतल्या बाळाला रंगापासून पूर्णपणे दूर ठेवावे. डोळ्यांत रंग गेला तर ते न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवावेत.

होळीपासून पाडव्यापर्यंत मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी दिसतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर साखरेचा घट्ट पाक ओततात, तो थिजला की पदकांची माळ तयार होते. आजी-आत्या-मावशी बाळाला गाठी घालतात, तेव्हा त्यात मायेखेरीज दुसरे काही नसते, आणि ही रीत जपण्यासारखी आहे. फक्त दोन वर्षांखालच्या बाळाला वरची साखर देऊ नये, यावर आहारतज्ज्ञांचे आता एकमत आहे. शिवाय गळ्यातला दोरा झोपेत आवळण्याची भीती असते. गाठी घालावी, फोटो काढावा आणि लगेच उतरवून गुढीला बांधावी.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात, गुढी उभी राहते. कळकाच्या काठीला रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, आंब्याचा टहाळा, फुलांची माळ, गाठी आणि वर उपडा घातलेला गडू. सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने किंवा फुलोरा, गूळ, चिंच, ओवा, मिरे, जिरे, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून केलेला प्रसाद सगळ्यांनी घ्यायचा असतो. कडू चव नाकारणे माणसाच्या उपजत स्वभावात आहे, अनेक विषारी वनस्पती कडू असल्याने ते संरक्षणच आहे. त्यामुळे तोंड वाकडे करणाऱ्या मुलाला रागावण्यात अर्थ नाही. जिभेवर कणभर लावले की रीत पूर्ण होते. पानाच्या या कणाने अपाय होत नाही, मात्र कडुनिंबाचे तेल ही वेगळी गोष्ट आहे. ते तान्ह्या बाळाच्या पोटात गेल्याने उलट्या, गुंगी, झटके आणि मृत्यूसुद्धा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सर्दीवर किंवा जंतांवर म्हणून ते पाजू नये.

पाडव्याच्या आगेमागे घरातले सर्वांत मोठे काम सुरू होते, ते वाळवणाचे. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस हे सगळे याच दिवसांत का करतात, याचे उत्तर हवेत आहे. ऊन कडक, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र अशी स्थिती घाटावर मार्च-एप्रिलमध्ये सलग मिळते. पुढे ढग येऊ लागतात, वळीव कोसळतो आणि अर्धवट वाळलेल्या पदार्थाला बुरशी धरते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, पिळून, गाळून त्यातला चीक काढतात. रात्रभर तो तळाशी बसतो, वरचे पाणी ओततात आणि पहाटे मीठ-हिंग घातलेल्या आधणात तो घाटतात. पातेल्यातला चीक पारदर्शक दिसू लागला की सोऱ्यातून गच्चीवर किंवा अंगणात कुरडया पडू लागतात. भिजवण्यापासून वाळण्यापर्यंत आठवडाभर चालणारी ही प्रक्रिया मूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहू शकते. दाण्यातून पांढरे दूध निघते, दूध खाली बसते, शिजून चिकट होते, वाळून कडक होते आणि तळणीत पडल्यावर क्षणात चौपट फुलते. पदार्थांच्या अवस्था समजण्यासाठी याहून चांगला पाठ शाळेत मिळत नाही.

या कामात मुलांचा वाटा ठरलेला असे. वाळवणाजवळ सावलीत बसून कावळे-चिमण्या हाकलणे, संध्याकाळी पापड्या उलटणे, तुटलेले तुकडे वेगळे करणे ही त्यांची जबाबदारी. मोबदल्यात वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून किंवा तेल घालून मिळे, आणि उडदाच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खायला मिळत. लाट्यांत पापडखार, मिरे आणि हिंग असल्याने एक-दोन ठीक, जास्त झाल्या तर पोट बिघडते. चीक घाटण्याच्या वेळी मात्र मूल चुलीजवळ किंवा शेगडीजवळ असता कामा नये. उकळता चीक त्वचेला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. भाजलेच तर तो भाग ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये, आणि फोड आले असतील किंवा चेहरा-हात भाजले असतील तर दवाखाना गाठावा.

आता कुरडया-पापड वर्षभर विकत मिळतात, सदनिकेत गच्ची सामायिक असते आणि आई-वडील दोघेही नोकरीला जातात. तरीही एका रविवारी बटाट्याचा कीस किंवा साबुदाण्याच्या पापड्या घालणे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. वर्षाची बेगमी त्यातून होत नाही, पण चार वर्षांच्या मुलाला आपण घातलेली पापडी आठ दिवसांनी ताटात पाहायला मिळते. या लेखात सुचवलेल्या गोष्टींपैकी एकच करायची असेल, तर ही करावी.

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवे चालतात. दारात चैत्रांगण रेखले जाते. आईचा पदर धरून गेलेल्या मुलांना कैरीची डाळ, पन्हे, कलिंगडाची फोड मिळते आणि ओटीत भिजवलेले हरभरे पडतात. उकडलेली कैरी, गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ यांचे पन्हे उन्हातून आलेल्या मुलाला पाणी, साखर आणि मीठ एकदम देते, म्हणून बाटलीबंद रंगीत पेयापेक्षा ते केव्हाही चांगले. धोका हरभऱ्यांत आहे. चार वर्षांखालच्या मुलांच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात किंवा त्यांना नीट चावता येत नाही आणि भिजलेला हरभरा किंवा शेंगदाणा घसरून श्वासनलिकेत जातो. त्यांना तो वाटून किंवा चुरून द्यावा. मुलाचा श्वास अडकला, आवाज फुटेनासा झाला, तर तोंडात बोटे घालून चाचपू नये. बाळ वर्षाच्या आतले असेल तर हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खवाट्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा द्याव्यात आणि उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत, वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्या कोणी तोवर मदत बोलवावी.

याच महिन्यात रामनवमीला भर दुपारी पाळणा हलतो आणि सुंठवडा वाटला जातो. पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाची यात्रा भरते, गावोगावच्या जत्राही आगेमागे येतात. कुलदैवताला गेलेली अनेक कुटुंबे तिथेच बाळाचे जावळ काढतात, मामाच्या मांडीवर बसवून. जावळ काढल्याने पुढचे केस दाट येतात ही समजूत खरी नाही, केसांची संख्या मुळांवर ठरते. पण सगळे नातेवाईक जमण्याचा तो प्रसंग असतो. वस्तरा वापरताना त्यात नवे पाते घालायला सांगावे. बाळाची पुढची टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते, तोपर्यंत तिथे हात हलका ठेवावा. जत्रेतल्या उघड्यावर कापलेल्या फोडी आणि बर्फाचा गोळा टाळणे शहाणपणाचे, कारण तो बर्फ बहुधा पिण्याच्या पाण्याचा नसतो. उसाचा रस प्यायचाच तर डोळ्यांदेखत काढलेला आणि बिनबर्फाचा.

जुलाब-उलट्या लागल्याच तर जीव जातो तो शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट-घोट पाजत राहावे. ते हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ पुरते. प्रमाण अचूक हवे, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. अंगावरचे दूध आणि नेहमीचे मऊ अन्न बंद करू नये. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

कोरड्या हवेत मुलांच्या नाकाचा घोळणा फुटतो. पुष्कळ घरांत अशा वेळी मुलाला मागे झुकवून कांदा हुंगवतात. मागे झुकवल्याने रक्त घशात जाते आणि उलटी होते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा. पाणी कमी पडले की लघवीला आग होते, म्हणजे उन्हाळी लागते. पाणी, पन्हे, ताक वाढवूनही ती दिवसाभरात थांबली नाही किंवा ताप आला, तर तो संसर्ग असू शकतो.

थंडी सरताना आणि वसंतात कांजिण्यांची साथ येते. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल हा आजार इतरांना देऊ शकते, आणि संसर्गानंतर लक्षणे दिसायला १० ते २१ दिवस लागतात. त्यामुळे एका घरात भावंडे एकामागून एक पडतात आणि दोन महिने या आजारपणातच जातात. नखे कापावीत, रोज अंघोळ घालावी, खाज शमवणारे औषध डॉक्टरांकडून घ्यावे आणि तापावर ॲस्पिरिन कधीही देऊ नये. खोलीत कडुनिंबाची डहाळी लावायला हरकत नाही, पण अंघोळ बंद करणे किंवा औषध न देणे यांनी फोड पिकतात. या आजाराची लस पंधराव्या महिन्यापासून देता येते. गोवर-रुबेलाची लस मात्र सरकारी कार्यक्रमात मोफत आहे: पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत.

कोकणात आणि मराठवाड्यात ऊन वाढले की विंचू बाहेर पडतात. सरपण, विटा, गोवऱ्यांचे ढीग हलवताना किंवा जमिनीवर झोपलेले असताना मुलांना दंश होतो. लाल विंचवाचे विष मुलांच्या हृदयावर परिणाम करते आणि पूर्वी त्याने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण मोठे होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर हे चित्र बदलले. दंश झालेल्या मुलाला घाम, उलट्या, हातपाय गार पडणे सुरू झाले तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता सरळ रुग्णालयात नेणे, हाच जीव वाचवणारा मार्ग आहे.

घराबाहेरचा वसंत मुलांसाठी उघडे पुस्तकच आहे. पिंपळाला तांबूस पालवी येते, काटेसावर आणि पांगारा लाल होतात, पहाटे कोकीळ ओरडू लागतो. ओरडणारा काळा पक्षी हा नर आणि मादी अंगभर ठिपके असलेली, ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे मुलाला झाडाखाली उभे राहून सांगता येते. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दिवसांत ते तास सकाळी नवापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर काढावेत. दुपार मग सागरगोटे, पत्ते, पाटीवरची चित्रे आणि गोष्टी यांची.

पाडव्याला पाटीवर सरस्वती काढून पाटीपूजन करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळा याच दिवसाच्या निमित्ताने ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत नव्या मुलांची नावे नोंदवतात. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी मधले दोन महिने उपयोगाचे असतात, ते अक्षरे घोटण्यासाठी मुळीच नव्हे. स्वतः बटण लावणे, डबा उघडणे, शौचाला जाऊन हात धुणे, आपले नाव आणि गाव सांगणे एवढे आले की शाळेतले पहिले आठवडे सुखाचे जातात.

वसंताचे हे चित्र सर्व मुलांच्या वाट्याला सारखे येत नाही. गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या भागांत मार्च-एप्रिल म्हणजे मोह वेचण्याचे दिवस. फुले पहाटेपासून गळतात आणि ऊन चढण्याआधी गोळा करावी लागतात, म्हणून सारे कुटुंब अंधारातच रानात जाते. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत असते आणि चार-पाच वर्षांचे टोपली घेऊन आईच्या मागे. बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे मागे मुलांना सांभाळायला कोणी नसते आणि तीही बरोबर निघतात. पाच-सहा महिने पालापाचोळ्याच्या कोपीत काढून, पट्टा पडल्यावर म्हणजे गाळप संपल्यावर, ती मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. बहुतेक घरांत पाडवा आधीच होऊन गेलेला असतो किंवा तोंडावर आलेला असतो. या मुलांचे अंगणवाडीतले महिने, घरपोच आहार आणि लसीच्या तारखा मधल्या काळात चुकलेल्या असतात.

अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली ती सहा वर्षांखालच्या अशाच मुलांसाठी, आणि चुकलेली लस उशिराही देता येते. गावात परतलेल्या कुटुंबाच्या दारात लहान मूल दिसले, तर शेजाऱ्याने, शिक्षकाने किंवा सरपंचाने त्याचे माता व बाल संरक्षण कार्ड पाहावे, त्याचे नाव अंगणवाडी सेविकेला कळवावे आणि कारखान्याकडे पुन्हा निघण्याआधी त्याच्या सगळ्या लसी पूर्ण होतील असे बघावे.